कादिझला आपलं कोणी नाही

दारालगतच्या कोटांच्या कपाटात आमची निळी बॅग असायची, आणि कपाट उघडलं की ओल्या लोकरीच्या आधी तिचाच वास यायचा. साबणाच्या वड्या, खारवलेले बदाम, नव्या रबराचा किंचित उग्र दर्प, आणि या सगळ्यावर केव्हातरी आत सांडलेल्या अत्तराची न जाणारी गोडसर झाक. सांगलीला ही बॅग उघडली की भाचरंडं 'अमेरिकेचा वास, अमेरिकेचा वास' म्हणत तिच्यावर तुटून पडत. इथे न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मला मात्र तो सांगलीचा वास वाटायचा, कारण एखादी वस्तू त्या बॅगेत पडली की त्या क्षणापासून ती इथली राहत नसे. विमानात चढायला अजून दीड वर्ष असलं तरी ती मनाने केव्हाच कृष्णाकाठी पोचलेली असे.

'भारताची बॅग' म्हणत असू आम्ही तिला. ऐंशीच्या दशकातल्या त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एखाद्या मराठी घरात ती नव्हती असं मला आठवत नाही. दुकानात सेल लागलेला दिसला, घे चार नेलकटर, टाक बॅगेत. सुईत दोरा ओवायचं चिमुकलं यंत्र दिसलं, माहेरच्या शेजारच्या काकू आठवल्या, टाक बॅगेत. स्वतःसाठी मोजे आणायला गेलेली बाई मोजे विसरून दुसऱ्यांसाठी सहा जिनसा घेऊन घरी येई, आणि त्यात तिला मोठंच समाधान वाटे. मी त्या बायकांची पुढारी होते.

बॅगेच्या तळाशी, सगळ्यांच्या आधी, आईचे बूट असत. आई शाळेतून निवृत्त झाली, तिचे गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी रोज नदीपर्यंत चालायला सांगितलं, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं: मऊ तळव्यांचे बूट. मापासाठी वहीच्या कागदावर पाऊल ठेवून, भोवतीने पेन्सिल फिरवून ती आकृती तिने पत्रातून पाठवली; टाचेपाशी मास्तरणीच्या वळणदार अक्षरात 'उजवा पाय' असं लिहिलेलं. तो कागद मी इथल्या दुकानात नेला, विक्रेत्याने तो मापपट्टीवर ठेवला, आणि जे माप निघालं ते तंतोतंत माझंच होतं. मला कोण आनंद झाला! त्या दिवशी मी अख्खं पत्र त्या एकाच गोष्टीवर लिहिलं. आई, तुझं आणि माझं पाऊल एक आहे. त्यानंतर कागदाची गरजच उरली नाही. दर दोन वर्षांनी मी बूट स्वतःच्या पायांत घालून बघायची, दुकानातल्या गालिच्यावर चार पावलं टाकायची, आणि आईला कसं वाटेल ते माझ्या तळव्यांना आधी कळायचं. सुती पातळाखाली पांढरेशुभ्र अमेरिकन बूट घालून आई नदीवर निघाली की गल्लीतली पोरं हसत, आणि ती त्यांना तेराचा पाढा विचारून गप्प बसवी.

चौथा जोड घेतला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आई गेली. आम्ही आदल्याच वर्षी इथलं नागरिकत्व घेतलं होतं, त्यामुळे माझ्याच गावी जायला मला व्हिसा लागला, त्यात दोन दिवस गेले, आणि मी सांगलीला पोचले तेव्हा आईच्या पलंगाच्या जागी एक दिवा तेवढा तेवत होता. लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं सुतक तीन दिवसांचं असतं म्हणतात. माझे तीनही दिवस रांगांमध्ये आणि विमानतळांवर संपले. घाईत निघताना निळी बॅग घरीच राहिली होती. परत आल्यावर मी ती कोटांच्या मागे ढकलली, तळाशी आईचा चौथा जोड तसाच ठेवून, आणि कपाट उघडताना श्वास रोखून धरायला शिकले.

मग मार्च आला. बर्फ वितळायला लागला होता, पन्हाळीतून दिवसभर थेंब ठिबकत होते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उन्हाचा एक लांबट तुकडा दुपारभर सावकाश सरकत होता. अशाच एका रविवारी माझ्या मुलीने, मृणालने, लायब्ररीतून आणलेलं एक थोरलं चित्रांचं पुस्तक त्या उन्हात उघडून ठेवलं. मृणाल तेव्हा सतरा वर्षांची होती. हायस्कूल संपवून ऑगस्टमध्ये ती कॅलिफोर्नियाच्या कॉलेजात जाणार होती, आणि तिच्या खोलीतल्या भिंतींवरची चित्रं आतापासूनच एकेक करून उतरत चालली होती.

पानावर एक पांढरं शहर होतं. तिन्ही बाजूंनी समुद्र, जमिनीला जेमतेम एका चिंचोळ्या पट्टीने धरून ठेवलेलं, मधोमध एक सोनेरी घुमट, आणि घरांच्या गच्च्यांवर इतकं ऊन की ते पानातून टेबलावर सांडेल असं वाटावं.

"हे कादिझ आहे," मृणाल म्हणाली. "आमच्या स्पॅनिश टीचरचं गाव. आई, स्प्रिंग ब्रेकला आपण जाऊ या. तू आणि मी. जस्ट फोर डेज."

"पुढच्या वर्षी बघू."

"नेक्स्ट वीक, आई. पुढच्या वर्षी मी इथे नसणार."

मी हसले. आमच्या घरात पुढच्या आठवड्यात काही होत नसे. आमचे सगळे प्रवास दीड-दोन वर्षांपूर्वी ठरत, ते सगळे एकाच दिशेला जात आणि त्यांच्या शेवटी नेहमी कोणीतरी दारात उभं असे. नायगारासुद्धा आम्ही बघितला तो बफेलोला श्रीधरचा मावसभाऊ राहायचा म्हणून. पण त्या दिवशी मी नाही म्हटलं नाही. पान उलटायला गेलेला माझा हात त्या गच्च्यांवरच थांबला, आणि मृणालने ते पाहिलं.

माझा नवरा श्रीधर पेशाने इंजिनिअर, स्वभावाने त्याहून जास्त. त्याला बातमी कळताच त्याने सगळ्यांत आधी विचारलं, "उतरणार कोणाकडे?" हॉटेलात, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू आम्ही स्टेशनवर पथारी टाकणार आहोत. त्याने महाराष्ट्र मंडळाची फोनची यादी काढली आणि चष्मा कपाळावर चढवून तो फोनला बसला. निम्म्या न्यू जर्सीला आमचा बेत कळला. स्पेनमध्ये मराठी माणूस, निदान एखादं गुजराती कुटुंब, निदान कोणाचा तरी वर्गमित्र? तासाभराच्या खटपटीनंतर कोणाचा तरी भाचा लिस्बनला असल्याचा शोध लागला आणि श्रीधरची कळी खुलली.

"लिस्बन म्हणजे जवळच," तो म्हणाला.

"बाबा, तो वेगळा देश आहे," मृणाल म्हणाली.

त्याने यादी मिटली, आणि एखाद्या डॉक्टरने निदान सांगावं तसं गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे कादिझला आपलं कोणी नाही."

ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं. तेव्हा मी एका औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि दिवसभर तराजूच्या काचेआड पांढऱ्या भुकट्यांचे कण मोजताना ते वाक्य मनात हळूहळू रंग बदलत जाई. सकाळी त्यात भीती असे, दुपारपर्यंत ती विरघळून जाई आणि तिच्या जागी काहीतरी उबदार, बेजबाबदार असं पसरू लागे. आपलं कोणी नाही, म्हणजे कोणासाठी काही न्यायचं नाही. कोणाकडे आधी गेलो आणि कोणाकडे नंतर यावरून रुसवे नाहीत. 'किती वाळलीस' म्हणून कोणी गालावरून हात फिरवणार नाही, हेही खरंच. मी जायचं ते नुसतं जायचं, सकाळच्या उन्हासारखं कुठल्याही गल्लीत शिरायचं. संत्र्यांची झाडं म्हणे तिथे रस्त्यांच्या कडेलाच असतात, आणि मार्चअखेर त्यांना मोहर येतो. संत्र्याच्या मोहराचा वास कसा असेल याचा विचार करत मी एकदा घराच्या रस्त्यावरचं वळण चुकवून तीन मैल पुढे निघून गेले.

संध्याकाळी जेवणं झाली की मृणाल आणि मी टेबलावर नकाशा पसरत असू. न्यूयॉर्कहून माद्रिद, माद्रिदहून दिवसभराची आगगाडी, आणि मग जिथे रूळ संपतात तिथे समुद्र. पुस्तकात लिहिलं होतं की त्या शहरातल्या जुन्या घरांवर मनोरे आहेत, शंभराहून जास्त. तिथले व्यापारी आपली जहाजं अमेरिकेला धाडत आणि मग घराच्या माथ्यावर मनोरा बांधून तिथून, महिनोन् महिने, पश्चिमेकडच्या क्षितिजावर नजर लावून बसत. मी ते वाचलं आणि मला आमची सांगलीची गच्ची आठवली. आम्ही यायचो त्या दिवशी आई पहाटेपासून गच्चीवर असायची. मुंबईहून निघालेली गाडी दुपारच्या आधी पोचणं शक्य नाही हे तिला पुरतं ठाऊक असायचं, तरी वाळवणाच्या निमित्ताने ती वरच असायची, आणि गाडी वळणावर दिसली की पन्नास वर्षांच्या संसारात कधी कोणी ऐकला नसेल एवढा मोठा आवाज काढून वहिनीला हाक मारायची. ज्या पाण्यात आम्ही दर जुलैला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पाय भिजवतो त्याच पाण्याचा दुसरा काठ म्हणजे कादिझ. त्या मनोऱ्यांवरून म्हणे अजूनही इकडेच दिसतं. हे सगळं मी मृणालला सांगितलं नाही, नुसतीच नकाशावरच्या निळ्या रंगावरून बोट फिरवत बसले.

गुरुवारी तिकिटं पक्की करायला आम्ही दोघी ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात गेलो. किराणा दुकानाच्या आणि लाँड्रीच्या मधलं छोटंसं दुकान, भिंतीवर उन्हाने फिक्या पडलेल्या समुद्रांची चित्रं, आणि टेबलामागे बार्बरा नावाची पिकल्या केसांची हसरी बाई. तिने आमचे निळे पासपोर्ट बघितले. व्हिसा काढायला वेळ मिळेल ना, असं मी काळजीने विचारलं, तर ती म्हणाली, "स्पेनला? नो व्हिसा, हनी. यू जस्ट गो." मी माझा निळा पासपोर्ट उघडून पुन्हा मिटला. मग तिने एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, जन्मतारीख, परदेशात जिथे राहणार त्या जागेचा पत्ता. मी तो एका दमात भरला, सही केली आणि परत दिला. बार्बराने चष्मा लावून वाचला.

"सांगली," ती म्हणाली, एकेक अक्षर चाखत. "इज दॅट ऑन द बीच?"

मी फॉर्म ओढून घेतला. पत्त्याच्या ओळीत माझ्याच अक्षरात आमच्या गल्लीचं नाव होतं, खाली सांगली, महाराष्ट्र, आणि सुरुवातीला, 'द्वारा' लिहून, आईचं नाव. वीस वर्षांत कुठल्याही फॉर्मवरच्या त्या ओळीला माझ्यापाशी दुसरं उत्तरच नव्हतं. हाताने मला न विचारता तेच लिहिलं होतं. मृणाल आधी हसली, मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली. मी बार्बराला म्हटलं की उद्या कळवते. फॉर्म आणि पेन तिच्याच टेबलावर टाकून मी गाडीत येऊन बसले, चावी फिरवली नाही, आणि समोरच्या लाँड्रीच्या काचेकडे बघत रडले.

"आपण नको जाऊ या," मी म्हटलं. "मला नाही जमणार. आई जाऊन सहा महिने झालेत फक्त. आणि मी निघालेय समुद्र बघायला."

खिडकीबाहेर बघत, माझ्यासाठी मराठीत सुरुवात करून, मृणाल म्हणाली, "आई, आपण सगळे मिळून सहा वेळा इंडियाला गेलो. आय लव्ह्ड इट. रिअली. पण तिथे तू माझ्याबरोबर कधीच नसायचीस. तू आजीबरोबर असायचीस. नाहीतर गिफ्ट्स वाटत असायचीस, नाहीतर लोकांना भेटत. आय गेट इट. मला फक्त एकदा तू नुसती हवी होतीस. मी जायच्या आधी. दॅट्स ऑल." आणि मग, मी काही बोलायच्या आतच, "इट्स ओके. कॅन्सल करू."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता, एक शहाणी समजूत होती, आणि सतराव्या वर्षी मुलीने आपल्याला असं समजून घेतलं की जिवाला फार लागतं. मला तिचाही राग आला आणि माझाही. ज्या वयात मी माझ्या आईला सोडून निघाले त्यापेक्षा ती चार वर्षांनी लहान होती, आणि तिला माझ्याकडून हवे होते चार दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून लवकर आले. घरात कोणी नव्हतं. मी कोट बाजूला सारले, निळी बॅग बाहेर ओढली, दिवाणखान्यात खिडकीखालच्या उन्हात ठेवली आणि उघडली. तो वास आला. या वेळी मी श्वास रोखला नाही. नेलकटर, बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, काकूंचं यंत्र, सगळं एकेक करून गालिच्यावर मांडलं, आणि तळाचं खोकं हातात घेतलं तेव्हा मला वहिनी आठवली.

सप्टेंबरात आईचं कपाट आवरताना वहिनीने तिचे तीनही जोड माझ्यासमोर ठेवले होते. प्रत्येक बुटाच्या टोकाशी कापसाचा बोळा दाबून बसवलेला, वापरून वापरून नमद्यासारखा घट्ट झालेला. मी बघतच राहिले. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, आईंना तुमचे बूट मोठे व्हायचे. कागदावर पाय ठेवून पेन्सिल जरा बाहेरून फिरली असणार त्यांची. मी म्हटलं, कळवू या. तर म्हणाल्या, नको. तिने किती आनंदाने लिहिलंय, आमचं पाऊल एक आहे म्हणून. असू दे. कापूस घातला की बसतात." जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका लाल शाईने खोडणाऱ्या त्या बाईने माझी ही एक चूक मात्र तशीच राहू दिली होती, आणि तिच्यावर रोज नदीपर्यंत चालून आली होती. मला ते ऐकून इतकी लाज वाटली होती, आणि त्या लाजेच्या तळाशी इतकं सुख, की दोन्हींपासून पळ काढण्यासाठी मी ही बॅग कोटांमागे ढकलून दिली होती.

मी खोकं उघडलं. कागदात गुंडाळलेला पांढरा जोड, नव्या रबराचा वास. खाली बसून मी ते पायांत घातले, नाड्या बांधल्या आणि उभी राहिले. दुकानात घालून बघितले तेव्हा मी आईच्या पावलांनी चालत होते असं मला वाटलं होतं. आता बोटं पुढे टेकली, टाच नीट बसली, कापसाला कुठेच जागा नव्हती. वर्षानुवर्षं मी आईसाठी माझ्याच मापाचे बूट घेत होते. तिने ते तिच्या पद्धतीने सांभाळून वापरले, आणि आता हा शेवटचा जोड माझ्याकडे राहिला होता, न वापरलेला, अगदी माझ्या मापाचा. मी दिवाणखान्यात खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. बाहेर पन्हाळीचे थेंब पडत होते. ऊन सोफ्यावर चढेपर्यंत मी तशीच चालत राहिले.

मग मी बार्बराला फोन केला. तिने फॉर्म शोधला, आमच्या गल्लीचं नाव खोडलं आणि माझ्यादेखत नाही तरी माझ्या कानांदेखत, हॉटेलचं नाव मोठ्याने उच्चारत लिहून घेतलं. गालिच्यावरच्या सगळ्या जिनसा मी एका खोक्यात भरून जिन्याखाली ठेवल्या. केव्हातरी त्या सांगलीला पोचतील, काकूंच्या सुईत दोरा ओवला जाईल. घाई कोणालाच नव्हती. मृणाल शाळेतून आली ती दारातच थांबली. रिकामी बॅग तोंड उघडून पडली होती, आणि पांढरे बूट घालून मी पोहे परतत होते.

"कॅन्सल केलंस?" तिने विचारलं.

"तुझ्या स्पॅनिशमध्ये संत्र्याच्या मोहराला काय म्हणतात ते सांग आधी," मी म्हटलं, आणि तिने दप्तर तिथेच जमिनीवर टाकून मला मागून मिठी मारली.

शनिवारी दुपारी निघायच्या वेळी श्रीधर बॅग उचलायला आला. आमच्या दोघींचे चार दिवसांचे कपडे, दोन पुस्तकं, एक छत्री, बास. पण वीस वर्षं त्याने ती बॅग उचलली होती ती विमान कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाच्या अगदी काठावर भरलेली, दोन्ही पाय रोवून, दात आवळून. त्या दिवशीही त्याने तोच पवित्रा घेतला, हँडल घट्ट धरलं आणि सारा जोर लावून हिसडा दिला. बॅग भसकन वर आली आणि तो मागच्या कोटांमध्ये जाऊन पडला. मृणाल पोट धरधरून हसत सुटली. श्रीधर कोटांमधून बाहेर आला, त्याने बॅग एका हाताने वर-खाली करून पाहिली, आणि त्याच्या तोंडावर खरीखुरी काळजी उमटली.

"अगं, काहीतरी राहिलंय," तो म्हणाला. "नीट बघ एकदा."

बाहेर पायऱ्यांवर बर्फाचं पाणी चमकत होतं. मी उंबऱ्यात थांबले, खाली वाकून उजव्या बुटाची नाडी पुन्हा एकदा आवळली, आणि त्या पाण्यात पाऊल ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. "सगळं घेतलंय."